वजनाच्या सर्जरीआधी आणि नंतर थेरपिस्ट कसा निवडायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गॅस्ट्रिक बायपास (वजन उतरवण्यासाठी पोट छोटं करून आतड्याचा रस्ता बदलायचं ऑपरेशन) होऊन आता सातवं वर्ष चालूये. मी डॉक्टर नाही, थेरपिस्ट तर नाहीच, पण तीन थेरपिस्ट बदलून झालेत आणि ओळखीतून ओळखी निघत लोक फोन करतात, सुरुवात प्रोटीन पावडरपासून करतात आणि दहा मिनिटांनी हळूच विचारतात की अगं तू ते मानसोपचाराचं काय केलंस. मग म्हटलं जे पुन्हा पुन्हा सांगते ते एकदा नीट टाईपच करते. क्रम काही लावलेला नाही, आठवेल तसं.

ऑपरेशन पोटाचं आहे, मग थेरपिस्ट कशाला?

कारण पोट छोटं होतं, बाकीचे आपण आहे तेवढेच राहतो. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि भुकेचं हार्मोन, म्हणजे घ्रेलिन, ते मुख्यतः त्याच भागात तयार होत असल्यामुळे भूक खरंच कमी होते, काही महिने तर जेवायची आठवण करून द्यावी लागते. बायपासमध्ये मार्ग वेगळा पण सुरुवातीला अनुभव तसाच. पण राग आला म्हणून खाणं, एकटं वाटलं म्हणून खाणं, काम टाळायचं म्हणून खाणं, हे कुठे घ्रेलिनवर चालतं?

माझं सांगते. ऑपरेशनला तीन आठवडे झालेले, पातळ पदार्थांवर होते, भूक शून्य. भावाशी फोनवर कडाक्याचं वाजलं, फोन आपटला आणि पुढचं भान आलं तेव्हा मी फ्रिजचं दार उघडून उभी होते, आतला दिवा तोंडावर पडलेला, आणि काय हवंय हेच माहीत नाही. पोट काही मागत नव्हतं, हाताला मात्र रस्ता पाठ होता. त्या रस्त्याचं काय करायचं हे सर्जन नाही शिकवत, त्याचं ते कामही नाही.

म्हणजे माझ्या डोक्यात बिघाड आहे म्हणून पाठवतायत का?

नाही हो. ऑपरेशनआधीची ही मानसिक तपासणी बहुतेक चांगल्या सेंटरमध्ये सगळ्यांचीच करतात. २०१६ साली एक मोठा आढावा आला होता, त्यात सर्जरीसाठी येणाऱ्यांपैकी साधारण १९ टक्के लोकांना डिप्रेशन आणि १७ टक्क्यांना बिंज इटिंगचा (ताबा सुटून एकदम खूप खाण्याचा) त्रास होता, म्हणजे असे लोक खूप आहेत आणि नसलेले त्याहून खूप आहेत. आणि त्याच आढाव्यात हेही होतं की आधी डिप्रेशन किंवा बिंज इटिंग असलं म्हणजे वजन कमी उतरतं असा काही ठाम पुरावा सापडला नाही. तेव्हा निदान असलं तरी दार बंद होतं असं समजू नका. नुसत्या निदानापेक्षा, त्यावर उपचार चालू आहेत का आणि गाडी सध्या स्थिर आहे का, हे बघतात.

आधीची मानसिक तपासणी आणि थेरपी एकच ना?

इथेच सगळे फसतात, मीपण फसले. तपासणी म्हणजे एक-दोन बैठका, काही प्रश्नावल्या (पीएचक्यू-९ असते बऱ्याचदा, नऊ प्रश्नांची, डिप्रेशनसाठी), मग गप्पा मारल्यासारखी मुलाखत: खाणं कसं आहे, दारू-सिगरेट, आधी कधी स्वतःला इजा केलीय का, गोळ्या कुठल्या चालू आहेत, ऑपरेशन म्हणजे नेमकं काय होणार हे कळलंय का, घरी कोण आहे. त्यातून एक पत्र तयार होतं आणि ते तुमच्या सर्जनच्या टीमकडे जातं. पत्रात साधारण तीनपैकी एक गोष्ट असते, पुढे जा, सोबत आधार घेऊन पुढे जा, किंवा थोडं थांबा आणि आधी हे हे करा. थांबा म्हणजे नाही म्हणणं नव्हे, पण ऐकताना तसंच वाटतं हे मला मान्य आहे.

थेरपी हा वेगळाच प्रकार. तिथे कोणी पास-नापास करत नाही, तिथे तुम्ही तुमच्यासाठी जाता.

आणि तपासणीत ताकाला जाऊन भांडं लपवू नका. मी लपवलं. रात्री उठून खाता का असं त्या बाईंनी विचारलं, मी छे हो म्हणाले, कारण मला वाटलं हो म्हटलं तर तारीख जाईल. तारीख मिळाली. रात्रीचं खाणं दीड वर्षांनी परत आलं तेव्हा कोणाकडे काही नोंदच नव्हती, सगळं पहिल्यापासून सांगत बसावं लागलं आणि तेही खोटं बोलले होते हे कबूल करून.

तपासणी करणाऱ्यांनाच थेरपिस्ट म्हणून धरलं तर चालेल?

चालतं, बरेच लोक करतात, माणूस ओळखीचा होतो हा फायदा. फक्त पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा की माझ्याकडून ऐकलेलं सर्जनकडे किती जाणार, आणि लेखी संमती घेऊनच जाणार का. मला स्वतःला वेगळा माणूस बरा वाटतो, ज्याच्या हातात माझी ऑपरेशनची तारीख नाही त्याच्यासमोर मी जास्त खरं बोलते.

सायकॅट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, कोणाकडे जायचं?

सायकॅट्रिस्ट हे एमबीबीएससारखं मेडिकलचं शिक्षण घेतलेले डॉक्टर, गोळ्या लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तपासणी आणि थेरपी करतात. काउन्सेलर हा शब्द फार ढिला आहे, त्याखाली उत्तम शिकलेला माणूसही येतो आणि दोन दिवसांचा कोर्स केलेलाही येतो, म्हणून शिक्षण काय, कोणाच्या हाताखाली काम केलं, तुमच्याकडे जी काही अधिकृत नोंदणी असते ती आहे का, हे विचारायला अजिबात लाजू नका. खरा माणूस रागावत नाही.

तुम्ही आधीपासून मानसिक आजाराच्या गोळ्या घेत असाल तर सायकॅट्रिस्ट लागतीलच, आणि तेही ऑपरेशनच्या आधीपासून. बायपासनंतर आतड्याचा रस्ता बदलतो त्यामुळे काही गोळ्या पूर्वीसारख्या शोषल्या जात नाहीत, खास करून दिवसभर हळूहळू विरघळणाऱ्या, ज्यांच्या नावापुढे एसआर किंवा एक्सआर लिहिलेलं असतं त्या. काहींना डिप्रेशनची गोळी रोज न चुकता घेऊनही ती लागूच पडत नाहीये असं होतं, आणि आपण समजतो आपलंच मन कमकुवत. लिथियमचं (मूड स्थिर ठेवणारं औषध) उलट आहे, शरीरात पाणी कमी पडलं की रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं आणि सर्जरीनंतर पहिले काही आठवडे पाणी कमीच जातं, त्यामुळे लिथियमवाल्यांनी रक्ततपासण्यांचं वेळापत्रक आधीच ठरवून घ्यायचं. आणि आता वजन उतरलंय, मूड छान आहे, म्हणून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते.

थेरपी कधी सुरू करायची, आधी का नंतर?

जमलं तर आधी, दोन-तीन महिने तरी, म्हणजे ऑपरेशनच्या गडबडीत नव्या माणसाची ओळख करून घ्यावी लागत नाही. पण लोक आधीचं मनावर घेतात आणि नंतरचं सोडून देतात, आणि माझ्या मते खरी गरज नंतरच असते. तेही लगेच नंतर नाही, दुसऱ्या वर्षात.

पहिल्या वर्षात काय होतं की बहुतेक वजन पहिल्या बारा ते अठरा महिन्यांत उतरतं, दर आठवड्याला काटा खाली, कपडे ढगळ, जो भेटेल तो म्हणतो ओळखलंच नाही. तुम्हाला थेरपिस्टची काय गरज, तुम्ही तर हवेत. मग काटा थांबतो. भूक थोडी परत येते, कौतुक करणारे सवयीने गप्प होतात, ऑपरेशनचे फॉलोअप सहा महिन्यांवर जातात, आणि ज्या गोष्टी वजनामुळे आहेत असं आयुष्यभर वाटत होतं, लग्न, नोकरी, आईशी न पटणं, त्यातल्या निम्म्या जागच्या जागी असतात. दारूच्या आणि स्वतःला इजा करण्याच्या बाबतीतही अभ्यासांत दुसरं-तिसरं वर्षच पुढे येतं, ते खाली लिहिलंय.

म्हणून माझा सल्ला साधा आहे. सगळं मस्त चाललेलं असतं ना, आठव्या-दहाव्या महिन्यात, तेव्हाच पुढच्या वर्षीच्या भेटी ठरवून टाका, महिन्यातून एक का होईना. घसरायला लागल्यावर फोन उचलून अपॉइंटमेंट घेणं फार जड जातं. मला त्या एका फोनला चार महिने लागले, नंबर समोर लिहून ठेवलेला होता.

ऑपरेशन होऊन पाच वर्षं झाली, आता उशीर झाला का?

नाही. मी तिसरी थेरपिस्ट पाचव्या वर्षीच धरली, आणि तीच सगळ्यात उपयोगी पडली.

नेमकं काय विचारून निवडायचं?

फोनवरच दहा मिनिटं मागा, बरेच जण देतात. मग विचारा की सर्जरी झालेले किती लोक तुम्ही बघितलेत, आणि आकड्यापेक्षा पुढच्या वाक्याकडे लक्ष द्या. ज्याने खरंच बघितलेत तो आपणहून डंपिंग (गोड खाल्लं की अन्न भराभर पुढे सरकून घाम, चक्कर येणं), सैल कातडी, दारू, घरच्यांचे टोमणे असं काहीतरी बोलतो. ज्याने नाही बघितले तो म्हणतो हो हो, सगळ्याच प्रकारचे क्लायंट येतात.

मग विचारा, वजन परत वाढलं तर तुम्ही माझ्याबरोबर काय कराल? हा माझा लाडका प्रश्न आहे. आपण मनाचा निर्धार वाढवू, शिस्त लावू असं उत्तर आलं की धन्यवाद म्हणून फोन ठेवा. आधी बघू कधीपासून, तेव्हा काय घडत होतं, आणि सर्जन-डाएटिशियनकडूनही तपासून घेऊ, असं काहीसं आलं तर पुढची वेळ घ्या. वजनाला शरीराचीही कारणं असतात हे ज्याला माहीतच नाही तो तुम्हाला सहा महिने स्वतःला दोष द्यायला शिकवेल, आणि ते तर आपल्याला आधीच उत्तम येतं.

तुम्ही या सर्जरीच्या बाजूने आहात का विरोधात, हेही विचारून टाका. काही थेरपिस्टना मनातून हा शॉर्टकट वाटतो, आणि ते बोलले नाहीत तरी तिसऱ्या सेशनपर्यंत कळतंच, तोवर पैसे गेलेले असतात.

फी, सेशन किती मिनिटांचं, ऐनवेळी रद्द केलं तर काय, दोन सेशनच्या मध्ये मेसेज चालतो का, इन्शुरन्स असेल तर त्यात बसतं का, हे पण विचारा, त्यात कमीपणा काही नाही.

आमच्याकडे असा अनुभव असलेला कोणी मिळतच नाही.

मग दुसरी पसंती खाण्याच्या विकारांवर काम करणारा. तोही नसेल तर नीट शिकलेला, ऐकून घेणारा आणि मला हे माहीत नाही असं म्हणू शकणारा कोणीही. त्याला तुमच्या ऑपरेशनबद्दल एक पानभर लिहून द्या आणि डाएटिशियनशी बोलायची लेखी परवानगी द्या, एका फोनमध्ये त्यांचं बरंच काम होतं. ऑनलाइन थेरपीचाही विचार करा, कॅनडात टोरांटोच्या टीमने सर्जरीच्या पेशंटना फोनवरून सीबीटी (थेरपीचा एक प्रकार, खाली सांगते) देऊन बघितलीय आणि खाण्याच्या त्रासात फरक पडलेला दिसला, त्यामुळे समोरासमोर नाही म्हणजे खोटं-खोटं असं मानू नका. फक्त दार लावून बोलता येईल अशी खोली हवी. मी काही सेशन पार्किंगमध्ये गाडीत बसून केलीत.

सीबीटी, डीबीटी हे काय असतं आणि मला कुठलं लागेल?

सीबीटीमध्ये विचार, भावना आणि वागणं यांची साखळी कागदावर काढतात आणि एकेक कडी सोडवतात, बिंज इटिंगसाठी सगळ्यात जास्त अभ्यास हिचाच झालाय, आणि पूर्ण कोर्स साधारण १६ ते २० सेशनचा असतो. भावना एकदम उसळून येतात आणि आवरत नाहीत असं असेल तर डीबीटी, त्यात त्या सांभाळायच्या युक्त्या शिकवतात. नात्यांवरून खाणं बिघडत असेल तर इंटरपर्सनल थेरपी. लहानपणी काही वाईट घडलेलं असेल तर ट्रॉमाचं शिक्षण घेतलेला माणूस शोधा, आणि असं काही घडलेले लोक आपल्यात कमी नाहीत. नावांवरून फार डोकं खाऊ नका, तो निर्णय थेरपिस्टबरोबर बसून होतो.

पण एक गोष्ट थेरपिस्टला माहीत आहे का ते नक्की बघा. बिंज इटिंगचं वर्णन अल्बर्ट स्टंकर्ड या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५९ मध्येच करून ठेवलं होतं, स्वतंत्र निदान म्हणून ते डीएसएम-५ मध्ये (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) २०१३ साली आलं, आणि त्याच्या व्याख्येत कमी वेळात खूप जास्त खाणं ही अट आहे. आता आपल्या पोटात एवढी जागाच नाही! त्यामुळे सर्जरीनंतर जुन्या प्रश्नावलीत आपण एकदम निरोगी ठरतो. प्रत्यक्षात दर पंधरा मिनिटांनी एक बिस्किट, उभ्या उभ्या, डबा परत जागेवर ठेवायचा, परत काढायचा, असं दुपारभर चालू असतं आणि थांबता येत नाही. याला ग्रेझिंग म्हणतात. मऊ गोड गोष्टी तर पोटात अडतही नाहीत, आईस्क्रीम सरळ घसरत जातं. म्हणून किती खाल्लं यापेक्षा खाताना ताबा सुटल्यासारखं वाटलं का, हे विचारणारा थेरपिस्ट हवा. मला हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी दोन मिनिटं काही बोललेच नाही.

थेरपिस्ट एकदम बारीक असेल तर त्याला काय कळणार?

मलापण आधी असंच वाटायचं. माझी सगळ्यात चांगली थेरपिस्ट काडीसारखी होती आणि सगळ्यात वाईटाचं वजन माझ्याएवढं होतं. नाही जमत तर नाही जमत, पण निदान दोन सेशन देऊन बघा.

कुठल्या गोष्टी दिसल्या की पळायचं?

सप्लिमेंट किंवा डाएट प्लॅन गळ्यात मारणारा. अमुक सेशनमध्ये खाण्याचं वेड घालवतो अशी गॅरंटी देणारा. सर्जन किंवा डाएटिशियनने सांगितलेलं मोडायला सांगणारा, व्हिटॅमिन कशाला घेता वगैरे, ते आयुष्यभर घ्यायचं असतं. स्वतःच्या वजनाची गोष्ट तुमच्या वेळेत सांगत बसणारा. आणि तुमच्या शरीरावर विनोद करणारा, कितीही गोड हसून केला तरी.

दारूबद्दल थेरपिस्टशी बोलायलाच हवं का? मी तर फक्त पार्टीला घेते.

हवंच. बायपासनंतर दारू फार लवकर आणि फार जास्त चढते, रक्तातलं प्रमाण भराभर वर जातं, म्हणजे पूर्वी तीन पेग झेपायचे तिथे एकात काम होतं. अमेरिकेतल्या दहा हॉस्पिटलांत मिळून झालेला एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला, त्यात दारूच्या व्यसनाचा त्रास असलेल्यांचं प्रमाण सर्जरीआधीच्या वर्षी ७.६ टक्के, पहिल्या वर्षी ७.३, आणि दुसऱ्या वर्षी ९.६ होतं. पहिल्या वर्षी काही दिसतच नाही हे लक्षात घ्या. लोक म्हणतात खाणं सुटलं की माणूस दुसरं काहीतरी धरतो, त्यात तथ्य असेलही, पण इथे शरीरात दारू शोषली जायची पद्धतच बदललेली असते. आधी कधीही न पिणाऱ्यांनाही हा त्रास सुरू झालेला आहे. ज्या थेरपिस्टने पहिल्या दोन-तीन भेटींत दारूचं विचारलं नाही, त्याला तुम्ही आपणहून सांगा. खरेदी, जुगार, मोबाईलवरचे गेम, हेही त्याच यादीत घाला.

सर्जरीनंतर सारखं रडू येतंय, थेरपिस्टकडे जाऊ का डॉक्टरकडे?

दोन्हीकडे, आणि डॉक्टरकडे आधी. बी१२, लोह, व्हिटॅमिन डी, थायरॉइड यात गडबड असली की थकवा येतो, मन उदास होतं, विसरायला होतं, आणि आपण बसतो बालपण उकरत. माझं बी१२ तळाला गेलेलं होतं, आणि मी तीन सेशन बाबांवर घालवली होती. (बाबांचा विषय होताच, पण ते वेगळं.)

यात एक इमर्जन्सी आहे ती नीट वाचा. अनेक दिवस उलट्या होतायत, खाणं जात नाहीये, आणि मग माणूस गोंधळल्यासारखा वागतो, दोन-दोन दिसतं, चालताना तोल जातो, तर ते मानसिक नाही, थायमिन म्हणजे बी१ संपल्याचं लक्षण असू शकतं. सेशनची वाट बघायची नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं आणि सर्जरी झालीय हे दारातच सांगायचं. उशीर झाला तर मेंदूला कायमची इजा होते.

जगणं नकोसं वाटतंय असं सांगितलं तर काय होईल?

चांगलं होईल. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये ८,८१५ पेशंटच्या नोंदी ऑपरेशनच्या आधी तीन वर्षं आणि नंतर तीन वर्षं अशा तपासल्या, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं ते, त्यात स्वतःला इजा करून इमर्जन्सीत यायचं प्रमाण सर्जरीनंतर साधारण दीडपट झालेलं दिसलं, आणि बहुतेक घटना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या. आकडा एकूण लहानच आहे, हजारात काहीच जण, पण ते काही जण म्हणजे आपल्यातलेच ना. म्हणून चांगला थेरपिस्ट हे सरळ शब्दांत विचारतो, आडून आडून नाही, आणि दोन सेशनच्या मधे वेळ आली तर कोणाला फोन करायचा हे तुमच्याबरोबर बसून लिहून काढतो. असे विचार आत्ता, हे वाचताना येत असतील तर इथेच थांबा, जवळच्या कोणालातरी बोलावून घ्या, तुमच्याकडच्या हेल्पलाइनला फोन करा किंवा थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. निवडबिवड नंतर होते.

नवऱ्याला किंवा बायकोला सेशनला न्यायचं का?

एखाद्या वेळी नक्की. घरात एक माणूस बदलला की बाकीच्यांची घडी विस्कटते, कोण स्वयंपाक करणार, कोण बाहेर जेवायला नाही म्हणणार, कोणाकडे लोक वळून बघतायत. स्वीडनमधल्या मोठ्या अभ्यासांत, २०१८ साली आलेल्या, असं दिसलं की सर्जरीनंतर आधी एकटे असलेल्यांची लग्नं आणि नाती जास्त जुळली, आणि आधीच जोडीत असलेल्यांचे घटस्फोटही जास्त झाले. दोन्ही बाजू एकदमच. त्याचा अर्थ सर्जरीने संसार मोडतो असा नाही, काही संसार आधीच वजनाच्या टेकूवर उभे असतात. माझा नवरा पहिल्या वर्षी मला सारखा अजून एक घास घे म्हणायचा, मला वाटायचं हा मुद्दाम करतोय, थेरपिस्टच्या खोलीत कळलं की त्याला मी आजारी दिसायचे आणि भीती वाटायची. जोडीने जायचं असेल तर जोडप्यांबरोबर काम करणारा वेगळा माणूस धरलेला बरा, तुमचा थेरपिस्ट तुमचाच राहू दे.

वजन उतरलं तरी आरशात मी पूर्वीएवढीच दिसते, हे नॉर्मल आहे का?

हो, फार जणांना होतं, डोकं मागून चालत येतं. चाळीस किलो उतरल्यावरही मी हात असलेली खुर्ची बघितली की आधी मापं घ्यायचे, बसेन का मी हिच्यात. दोन माणसांच्या मधून जाताना पोट आत ओढून आडवी व्हायचे, आणि मधे एवढी जागा की सायकल गेली असती. त्यात सैल कातडी, ती तर कोणी आधी नीट दाखवतच नाही. थेरपिस्टला विचारा की बॉडी इमेजवर काम करता का, आणि कातडीच्या सर्जरीचा विचार असेल तर त्याआधी यावर बोलून घ्या.

वजन परत वाढायला लागलंय, थेरपिस्टला तोंड दाखवायची लाज वाटते.

मग त्याच वाक्याने सुरुवात करा. खरंच, आत जाऊन बसायचं आणि म्हणायचं की मला आज यायची लाज वाटत होती. पुढे बाकीचं येतं. थोडं वजन परत येणं दोन वर्षांनंतर बऱ्याच जणांना होतं.

सपोर्ट ग्रुप आहे, तेवढा पुरणार नाही का?

काहींना पुरतो. मला ग्रुपमध्ये खूप धीर मिळाला आणि खूप जळफळाटही झाला, कारण तिथे कोणीतरी कायम आपल्यापेक्षा दहा किलो जास्त उतरवलेलं असतं.

थेरपिस्ट पटत नाहीये हे कसं ओळखायचं आणि सोडायचं कसं?

तीन-चार सेशन द्या. सुरुवातीला अवघडल्यासारखं वाटणं वेगळं, ते जातं. पण तिथे जायच्या आधी तुम्ही काय लपवायचं याची तयारी करायला लागलात की समजा चुकलंय. माझी पहिली थेरपिस्ट स्वभावाने इतकी गोड होती, दर वेळी दार उघडताच विचारायची, या आठवड्यात किती? आणि मी आकडा सांगितला की टाळ्या वाजवायची, खऱ्या टाळ्या. मला ते आवडायचं, का नाही आवडणार. मग एका आठवड्यात काटा आठशे ग्रॅम वर गेला आणि मी लिफ्टमध्ये ठरवलं की मागचाच आकडा थोडा कमी करून सांगायचा. सांगितला, टाळ्या मिळाल्या, आणि पुढची पन्नास मिनिटं आम्ही दोघी एका खोट्या आकड्यावर खुशीत गप्पा मारत बसलो. तिच्याकडे मी आणखी पाच महिने गेले.

सोडताना गायब होऊ नका, एक मेसेज पुरतो: माझ्या गरजेला हे बसत नाहीये असं वाटतं, कोणाचं नाव सुचवाल का. चांगला थेरपिस्ट नाव देतो आणि तुमची परवानगी असेल तर माहितीही पाठवतो. कुरकुर केली तर तुमचा निर्णय बरोबर होता.

पहिल्या सेशनला काय घेऊन जायचं?

ऑपरेशन कुठलं आणि कधी झालं किंवा होणार त्याचा कागद, चालू गोळ्यांची यादी डोससकट, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट. जमलं तर एका आठवड्याची वही, पण कॅलरीची नको, फक्त कधी खाल्लं, बसून का उभ्याने, कोण बरोबर होतं, आणि त्याच्या पाच मिनिटं आधी काय चाललं होतं. माझ्या पहिल्या वहीत सात दिवसांत अकरा वेळा एकच शब्द होता, ओट्यापाशी. पाण्याची बाटली पण ठेवा, आपल्याला घोट-घोटच प्यायचं असतं आणि तासभर बोलून घसा सुकतो. टिश्यूचा डबा तिथे असतोच.